टोपी विकत आणू नकोस, आधी तवा काढ

प्रश्न: मावशी, नवऱ्याच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीमुळे आम्ही नाशिकहून वेल्समध्ये, स्वान्सीला आलो. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा पाच. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण वेल्शही शिकवतात. गेल्या १ मार्चला, वेल्सच्या सेंट डेव्हिड्स डेला, मी घाईघाईत सुपरमार्केटमधून काळी उंच टोपी आणि शाल आणली आणि मुलीला तयार केलं. घरी आल्यावर ती म्हणाली, “आज आम्ही वेल्श होतो.” तिथे विषय संपला. मुलं ज्या देशात वाढतायत तो त्यांना हातांनी कळावा, यूट्यूबवरून नको, असं मला वाटतं. पण मलाच यातलं काही येत नाही. शिवाय आपण परक्यांनी हे केलं तर नाटकी नाही का दिसणार? सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, त्या म्हणतात आधी मराठी तरी धड येऊ दे. घरात अंडं चालत नाही आणि मला शनिवारची दुपार सोडली तर वेळ नसतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर: पत्रात तू मला मावशी म्हटलंयस, म्हणून मीही ‘तू’च म्हणते. मी कार्डिफला राहते आणि इथल्या एका प्राथमिक शाळेत वर्गात मदतनीस म्हणून बरीच वर्षं काम केलंय. त्यामुळे १ मार्चला त्या टोप्या घालून आलेली पोरं मी ढिगाने पाहिली आहेत. फोटो होईपर्यंत टोपी डोक्यावर असते, मधल्या सुट्टीत तिचा फुटबॉल होतो. तुझ्या लेकीचं काही चुकलं नाही. त्या दिवशी तिला नुसतं उभं राहायचं होतं, करायला काहीच नव्हतं.

वेल्सच्या जुन्या चालीरीतींत मुलांना चिक्कार काम असतं. दारोदार जाऊन गाणं म्हणायचं, कविता करून सगळ्यांसमोर म्हणायची, काहीतरी बनवून कुणाला तरी नेऊन द्यायचं. ते काम तुझ्या मुलांना दे. आणि दरवेळी ते घेणारं माणूस समोर असू दे, एवढीच माझी अट. वेल्सच्या झेंड्यावरच्या ड्रॅगनचं चित्र रंगवून फ्रिजवर लावलं की खेळ खलास. तेच तव्यावरचे केक शेजारच्या आजींना नेऊन दिले, तर त्या चव घेऊन काहीतरी दुरुस्ती सुचवतात, स्वतःच्या आईचं सांगत बसतात, आणि मुलं ऐकत बसतात. पुढचं शिकवायला तुझी गरज उरत नाही.

नाटकी दिसण्याची भीती आधी काढून टाक. ती उंच टोपी आणि शाल ‘वेल्श पोशाख’ म्हणून रूढ होण्यात लेडी लानोव्हर या मोठ्या जमीनदार घरातल्या बाईंचा बराच हात आहे. ऑगस्टा हॉल हे त्यांचं नाव. १८३४ साली कार्डिफच्या संमेलनात वेल्श भाषा आणि पोशाख टिकवण्याबद्दलच्या निबंधाला त्यांनी बक्षीस मिळवलं आणि पुढे जन्मभर खेड्यातल्या बायकांच्या साध्या कपड्यांना देशाचा पोशाख म्हणून मिरवलं. झगे घालून मिरवणाऱ्या कवींचं जे मंडळ आहे, गोर्सेद म्हणतात त्याला, त्याचा पहिला मेळावा १७९२ साली भरला, तोही लंडनमध्ये, प्रिमरोज हिलवर. भरवणारा इओलो मोर्गानुग, धंद्याने पाथरवट. अतिप्राचीन म्हणून त्याने जे सांगितलं त्यातलं बरंचसं त्याच्याच सुपीक डोक्यातून आलेलं होतं. इथल्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे, तरी दरवर्षी तितक्याच थाटात करतात. तेव्हा नाशिकच्या दोन मुलांनी केलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

एक पथ्य मात्र पाळ. फोनवर नातेवाईक “तुम्ही इंग्लंडला असता ना” म्हणाले, की मुलांनाच दुरुस्त करू दे. वेल्समध्ये राहून स्वतःच्या गावाला इंग्लंड म्हणणं ही इथे खरोखर लागणारी गोष्ट आहे.

आता जानेवारी संपत आलाय. १ मार्चपर्यंत चार-पाच शनिवार मिळतील, ते भरपूर झाले.

पहिला शनिवार तव्याचा. वेल्श केक ओव्हनमध्ये होतच नाहीत, जाड लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजतात. दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांत खाणकामगार ते खिशात टाकून खाली उतरायचे. म्हणजे नाशिकहून आणलेला पोळ्यांचा तवा चालतो, नवीन काही घ्यायचं नाही. २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेलं) पीठ, ११० ग्रॅम थंड लोणी, ७५ ग्रॅम बारीक साखर, करंट्स नावाने मिळणारे बारीक काळे मनुके ७५ ग्रॅम, अर्धा चमचा दालचिनी-जायफळाची पूड, चिमूटभर मीठ. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं लोणी पिठात बोटांनी चोळायचं, मूठ वळेपर्यंत. हे काम धाकट्याला दे, फक्त हात गार पाण्याने धुवून घे त्याचे. मग साखर, मसाला, मनुके. इथल्या बायका यात एक अंडं फोडतात. तू तीन-चार मोठे चमचे दूध घाल, गोळा जेमतेम जमेल इतकंच. मळत बसायचं नाही, मळलं की केक चिवट होतो.

पाऊण सेंटिमीटर जाड लाट आणि वाटीने गोल काप. तव्याला लोण्याचा पुसट हात. एका बाजूला साधारण तीन मिनिटं, उलथन्याने उलटून दुसऱ्या बाजूला तेवढीच. आच मोठी झाली की वरून काळे आणि आत कच्चे राहतात, तेव्हा पहिला केक चाचणीचा समजून तोडून बघ. उलटायचं काम मुलीचं, तू बाजूला उभी राहा. गरम असतानाच वरून साखर भुरभुरवायची. वेलचीचा मोह होईल तुला, मला माहीत आहे. पहिल्या खेपेला नको. आधी त्यांची चव कळू दे, मग आपली घाल.

त्यातले सहा डब्यात भर आणि मुलांना शेजारी पाठव. दार उघडल्यावर “शुमाए” म्हणायचं, तुमच्या बाजूला दक्षिणेत असाच नमस्कार करतात. आणि मुलीला एक प्रश्न देऊन ठेव: तुमच्याकडे या तव्याला काय म्हणतात? प्लांक, माइन, ग्रादेल, बेकस्टोन, गावागणिक नाव बदलतं आणि जो तो आपलंच खरं मानतो. शेजारच्या घरात एखादा जुना, काळाकुट्ट, आजेसासूचा तवा असेल तर तो बाहेर येईलच. एक सांभाळ. बाई म्हणाल्या की मला वेल्श येत नाही, माझ्या आजीला यायचं, तर त्यावर मुलांनी आश्चर्य दाखवायचं नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनीच वेल्श बोलता येतं असं नोंदवलं. ज्यांच्या घरातून भाषा गेली त्यांना त्याची बोच असते. पाच वर्षांच्या मुलाला हे सांगावं लागणार नाही, मोठीला आधी सांग.

दुसऱ्या शनिवारी लीक आण. कांद्याच्या कुळातली ती जाड, लांब पात. १ मार्चला कपड्यांवर एकतर डॅफोडिल लावतात नाहीतर लीक, आणि वेल्श रेजिमेंटमध्ये त्या दिवशी कच्चं लीक चावून खायची रीत आहे. हे मुलांना सांगितलंस तर घरात एक तुकडा नक्की चाखला जाईल, पुढचा चेहरा बघण्यासारखा असतो. बाकीच्याचं काउल कर. मूळचं ते मटणाचं पातळ कालवण, पण लीक, बटाटा, गाजर आणि स्वीड नावाचा सलगमसारखा कंद घालून बिनमटणाचंही सर्रास करतात. लीकच्या पदरांत माती फार असते, उभं चिरून वाहत्या पाण्याखाली धुवायचं काम मुलांना आवडतं. काउल दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. सोबत पाव आणि केरफिली चीज. चीजच्या पाकिटावर शाकाहारी असल्याचं बघून घे. मुळांकडचा दोन बोटं तुकडा टाकू नकोस, पेल्यात थोड्या पाण्यात उभा ठेव, काही दिवसांत वर हिरवं फुटतं.

ज्यांच्या नावाने हा दिवस असतो ते संत डेव्हिड. वेल्शमध्ये देवी सांत. हे ऐकून तुझ्या सासूबाई “कोणती देवी?” असं विचारणारच, तर उत्तर तयार ठेव: सहाव्या शतकातले साधू, मठ बांधला तो पेंब्रुकशरमध्ये, जिथे आज त्यांच्या नावाचं कॅथीड्रल आहे. सेंट डेव्हिड्स म्हणतात त्या गावाला, वस्ती एखाद्या खेड्याएवढी पण दर्जा शहराचा, ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं शहर.

टोपी घरी करा. काळा जाड कागद, गोल काठ, उंच नळकांडं, आतून पांढऱ्या कागदाची झालर. अर्ध्या तासात होते. चुरगळली तरी हळहळ नाही.

आता ज्यात मला सगळ्यात जास्त रस आहे ते. पुढचे दोन शनिवार आइस्तेद्वोदला दे. आइस्तेद्वोद म्हणजे कविता, गाणं, वादन, पाठांतर यांची स्पर्धा. ११७६ साली कार्डिगनच्या किल्ल्यात लॉर्ड रीस या वेल्श राजाने भरवलेली पहिली मानतात. आज राष्ट्रीय आइस्तेद्वोद ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आळीपाळीने उत्तरेत आणि दक्षिणेत भरतो, आणि १ मार्चच्या सुमाराला शाळाशाळांतून छोटे भरतात. तुझ्या मुलीच्या शाळेतही असेल, चौकशी कर. मोठ्या आइस्तेद्वोदचं शिखर म्हणजे उत्तम कवीला खुर्ची देण्याचा सोहळा. बक्षीस म्हणून खरीखुरी लाकडी खुर्ची देतात, दरवर्षी नवीन घडवलेली.

तो सोहळा मुलांच्या खेळासाठीच रचलाय की काय असं वाटतं. कवी टोपणनावाने कविता पाठवतो. खरं नाव वेगळ्या पाकिटात बंद. निकालाच्या वेळी तो प्रेक्षकांत गप्प बसलेला असतो आणि आजूबाजूच्या कुणालाही पत्ता नसतो. परीक्षक टोपणनाव पुकारतात, तुतारी वाजते, आणि अंधारातून एक माणूस उभा राहतो. त्याला झगा घालून मंचावर नेतात. एक भलीमोठी तलवार म्यानातून अर्धीच बाहेर काढतात आणि मुख्य कवी विचारतो, “आ ओइस हेदुख?” शांतता आहे का? सगळी सभा ओरडते, “हेदुख!” असं तीनदा. तलवार पूर्ण कधीच काढत नाहीत. मग लहान मुली-मुलं येऊन फुलांचा नाच करतात.

तुझ्या बैठकीच्या खोलीत हे सगळं मावतं. वर्गातली दोन-तीन घरं बोलाव, तिथल्या मराठी मंडळातली एक-दोन. विषय आधी सांग. “पाऊस” दे, स्वान्सीत राहणाऱ्याला त्यासाठी कल्पनाशक्ती लागत नाही. प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या, मराठीत, इंग्रजीत, वेल्शमध्ये, तिन्हीची भेळ करून, कशीही. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायची आणि मोठ्याने उतरवून घ्यायची. टोपणनाव मुलांनीच निवडायचं आणि आईबापांनाही सांगायचं नाही. या अटीवरच सगळी मजा आहे, ती कडक पाळ. खुर्ची तुमची जेवणाच्या टेबलाचीच, कागदाच्या फुलांनी सजवलेली. तलवार भेटवस्तूच्या कागदाच्या नळीची. तुतारीला पिपाणी. परीक्षक सासूबाई. हो, खरंच. वेल्श-इंग्रजी ओळी मुलीने त्यांना मराठीत समजावून सांगायच्या, म्हणजे त्यांनी मागितलेलं धड मराठीही होऊन जाईल. राष्ट्रीय स्पर्धेत एकही कविता पात्र वाटली नाही तर खुर्ची कुणालाच न देण्याची प्रथा आहे. सासूबाईंना हे मात्र सांगू नकोस.

मोठीला हेद विनची गोष्ट सांग. उत्तर वेल्समधला मेंढपाळ कवी. १९१७ साली त्याच्या कवितेला खुर्ची मिळाली, टोपणनाव पुकारलं, तुतारी वाजली, आणि कुणीच उभं राहिलं नाही. महिनाभर आधी, ३१ जुलैला, तो बेल्जियममधल्या लढाईत मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड घातलं. ती खुर्ची आजही ट्राउसवेनिदजवळच्या त्याच्या घरी ठेवली आहे. आठ वर्षांच्या मुलीला ही गोष्ट झेपते, आणि “शांतता आहे का” हे ओरडण्यापलीकडचं काहीतरी आहे हे तिचं तिला कळतं. धाकट्याला अजून दोन वर्षं थांब.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नकोस. मराठी टिकायला हवं, हे त्यांचं बरोबरच आहे. पण वेल्शमुळे मराठी मागे पडतं हे मला पटत नाही. बेळगाव-सोलापूरकडची मुलं मराठी, कानडी, हिंदी एकाच गल्लीत खेळताना बोलतात. इकडे मराठीवर गदा येते ती घरात इंग्रजी शिरल्यामुळे, शाळेतल्या वेल्शच्या तासामुळे नव्हे. तो तास तसाही सोळा वर्षांपर्यंत सगळ्यांना सक्तीचा आहे.

त्यांना घरात घेण्याचा माझा उपाय असा. ब्राह्मणाची बायको आणि मुंगूस ही गोष्ट त्यांना नक्की येत असेल. बाळाला राखायला ठेवलेलं मुंगूस, साप मारल्यावर तोंडाला लागलेलं रक्त, आई पाहते आणि त्यालाच मारते, मग पाळण्यात बाळ सुखरूप. पंचतंत्रातली गोष्ट. आता उत्तर वेल्समध्ये बेदगेलर्ट नावाचं गाव आहे. राजा लवेलिन शिकारीहून परततो, पाळणा उलटलेला, कुत्र्याच्या जबड्याला रक्त. तो गेलर्ट कुत्र्याला ठार करतो आणि पाळण्याखाली बाळ रडताना सापडतं, शेजारी मेलेला लांडगा. मुंगुसाच्या जागी कुत्रा, सापाच्या जागी लांडगा. ही एकच कथा देशोदेशी फिरली, हे लोककथांचे अभ्यासक केव्हाच सांगून गेलेत. गावात गेलर्टची समाधीही दाखवतात. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या एका खानावळवाल्याने गिऱ्हाईक यावं म्हणून ती उभारली असं म्हणतात. धंद्याचं डोकं सगळीकडे सारखंच.

तर एका रात्री सासूबाईंनी मुंगूस सांगायचं, दुसऱ्या रात्री मुलांनी गेलर्ट. मग पुठ्ठ्याचे प्राणी कापा, काड्या चिकटवा, चादरीमागे दिवा लावा आणि दोन्ही गोष्टींचा सावल्यांचा खेळ करा, पाळणा एकच वापरून. आजी मुंगूस, नातू लांडगा. लांडग्याला मरायला फार आवडतं, वेळ जास्त ठेव.

आकडेही त्यांच्यापुढे ठेव. चवळीचे दाणे दहा-दहाचे ढीग करून मोजा. वेल्शमध्ये ७९ म्हणजे “साइथ देग नाउ”, सात दहा नऊ, बस्स. एकोणऐंशी की एकोणसत्तर यावरून रडकुंडीला येणाऱ्या मुलांना हे स्वर्ग वाटतं. जुनी वेल्श मोजणी मात्र विसाच्या हिशेबाने जाते, ८० ला चार विसा, आणि तिथे सासूबाई लगेच मान डोलावतील. त्यांच्या लहानपणी बाजारात विसा ऐकलेल्या असतील.

मार्चनंतर घाई नाही. महिन्याला एखादी गोष्ट खूप झाली. मे महिन्यात वेल्सची मुलं जगभरच्या मुलांना शांततेचा आणि सदिच्छेचा संदेश पाठवतात. पहिला १९२२ मध्ये बिनतारी यंत्रावरून, मोर्सच्या टिकटिकीत गेला होता. आता तो इर्द या वेल्श मुलांच्या संघटनेतर्फे निघतो आणि कितीतरी भाषांत जातो. त्या वर्षीचा संदेश मुलीने मराठीत करून नाशिकच्या जुन्या वर्गाला पाठवावा. टॉर्च उघडझाप करून आपलं नाव मोर्समध्ये पाठवण्याचा खेळ धाकट्याला.

उन्हाळ्यात एक दिवस माझ्या बाजूला, कार्डिफजवळ सेंट फॅगन्सला या. वेल्सभरच्या जुन्या इमारती दगडादगडाने सोडवून आणून तिथे पुन्हा उभ्या केल्या आहेत. १९४८ पासूनचं संग्रहालय, प्रवेश फुकट, गाडी लावायचे पैसे पडतात. मर्थर गावातल्या लोखंड कामगारांच्या चाळीतली सहा घरं ओळीने आहेत, प्रत्येक वेगळ्या काळातलं सजवलेलं, १८०५ पासून १९८५ पर्यंत. मुलांना एकच काम दे: प्रत्येक घरात पाणी कुठून येतं आणि उजेड कशाचा आहे, ते शोधून वहीत काढायचं. दुसरं काही समजावू नकोस. तिथेच प्रेमाचे चमचे बघा, तरुणांनी आवडत्या मुलीसाठी लाकडात कोरलेले, त्यातला एक १६६७ सालचा. घरी आल्यावर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, वाटीला थोडं कमी पाणी मळून चमचे घडवा आणि अगदी मंद ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळवा. साखळी, हृदय, किल्ली, घोड्याचा नाल, सगळ्यांना अर्थ आहे, पण मुलांना आपल्या खुणा घालू दे. वडा घातला तरी हरकत नाही. चमचा कुणासाठी आहे ते मात्र घडवायच्या आधी ठरवायचं.

तू मराठी आई आहेस, तेव्हा गणित कुठे आहे हे विचारशीलच. टेन्बीला जा, स्वान्सीहून गाडीने साधारण सव्वा तास. तिथल्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली बरोबरचं चिन्ह, त्या दोन समांतर रेघा, पहिल्यांदा छापलं. सेंट मेरी चर्चमध्ये त्याचं स्मारक आहे. जायच्या आधी मुलीला दहा गणितं ते चिन्ह न वापरता, दरवेळी “याच्या बरोबर आहे” असं लिहून सोडवायला लाव. पाचव्या गणिताला ती रेकॉर्डची भक्त होईल. π हे चिन्ह वर्तुळाच्या त्या गुणोत्तरासाठी १७०६ मध्ये वापरणारा विल्यम जोन्सही वेल्शच, अँगलसी बेटावरचा. कलकत्त्यात संस्कृतचा अभ्यास करणारे सर विल्यम जोन्स त्याचेच चिरंजीव.

हिवाळ्यातलं आत्ताच लिहून ठेव, कारण या वर्षीचं हुकलं. १ जानेवारीला सकाळी मुलं कालेनिग मागायला निघतात. सफरचंदाला खालून तीन काड्यांचे पाय, अंगभर लवंगा टोचलेल्या, डोक्यावर हिरवी डहाळी. ते हातात धरून घरोघर नववर्षाचं गाणं म्हणायचं आणि नाणी किंवा खाऊ घ्यायचा, पण बाराच्या आत. दुपारनंतर गेलं तर काही मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी ही पद्धत मागे पडली आहे, म्हणून ओळखीच्या चार घरांना आदल्या दिवशी सांगून ठेव. पेंब्रुकशरच्या ग्वाइन खोऱ्यात अजून १३ जानेवारीला जुनं नवं वर्ष पाळतात, ब्रिटनने १७५२ साली पंचांग बदललं ते त्यांनी मनावरच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी आपली संक्रांत. तिळगूळ जास्तीचा कर.

आणि मारी लुइड. घोड्याची खरी कवटी काठीवर, खाली पांढरी चादर, रिबिनी, घुंगरू, डोळ्यांच्या जागी बाटल्यांचे बुड. ख्रिसमसच्या सुमारास दक्षिण वेल्समध्ये, माइस्टेगजवळच्या लांगनुइडसारख्या गावांत, ही स्वारी दारावर येते आणि बाहेरचे लोक ओळी गाऊन आत घ्या म्हणतात. आतले ओळींतच नकार देतात. बाहेरून पुन्हा टोला, आतून पुन्हा उत्तर, कुणाची तरी बोलती बंद होईपर्यंत. याला पुन्को म्हणतात. तुमची मारी खोक्याची करा, जबडा दोरीने उघडझाप होणारा. धाकटा कवटीला घाबरेल, म्हणून ती त्यालाच करायला लाव. स्वतः चिकटवलेल्या दातांना कुणी घाबरत नाही. मुलं दाराबाहेर, सासूबाई आत. बाहेरून काहीही येऊ दे, ज्या बाईने आयुष्यभर मंगळागौरी आणि बारशांत उखाणे घेतलेत तिला ही पोरं हरवू शकणार नाहीत, हे मी लिहून देते. सहा महिन्यांचा व्हिसा डिसेंबरात बसेल असं काही जमतंय का बघ.

काय टाळायचं तेही सांगते. अँगलसीतल्या त्या लांबलचक नावाच्या स्टेशनची पाटी पाठ करून घेऊ नकोस, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. मारी लुइडला हॅलोविनमध्ये मिसळू नकोस. आणि प्रत्येक वेळी फोटो काढू नकोस, पिठाच्या हातांनी थांबून कॅमेऱ्याकडे बघितलं की मुलं पुन्हा दिसायच्या कामाला लागतात.

शेवटचं, डब्याचं. केकचा डबा शेजारून रिकामा परत येणार नाही, बहुतेक बारा ब्रीथ येईल, सुक्या मेव्याचा तो काळसर गोड पाव. त्यात अंडं असण्याची शक्यता भरपूर, ते सासूबाईंच्या पानात पडण्याआधी विचारून घे. आणि त्यांना चव तर द्यायचीच असेल, तर मनुके-बेदाणे ३०० ग्रॅम घेऊन रात्रभर ३०० मिलिलिटर कडक कोऱ्या चहात भिजव, सकाळी १०० ग्रॅम ब्राऊन शुगर, २५० ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ, चमचाभर मसाला आणि अंड्याऐवजी दोन मोठे चमचे दही घालून १६० अंशांवर तासभर भाज. सुई कोरडी आली नाही तर आणखी पंधरा मिनिटं. लोणी लावून खातात.

— मावशी